तीन जिवांची राणी

एका राज्यात, जिथे पशुपाखरांना माणसांची वाणी अवगत होती आणि माणसांना त्याचे नवल वाटत नसे, इंद्रायुध राजा राज्य करी. त्याची राणी केतकी गर्भवती झाली. सुईण गिरजाईने राणीच्या पोटाला कान लावला आणि ती म्हणाली, "महाराज, एक नव्हे, तीन जीव आहेत."

नगरात साखर वाटली. पण पाचव्या महिन्यात राणीच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. ती जेवत होती, तरी वाळत होती.

"अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही," गिरजाई म्हणाली. "हा शाप आहे."

राजाने मान खाली घातली. वर्षापूर्वी त्याने धूम्रकेश मांत्रिकाच्या गुहेतून सोन्याची भांडी उचलून आणली होती. "तुझ्या चुलीवरच्या अन्नाचा कस उडून जाईल," असे मांत्रिक म्हणाला होता, आणि राजा हसला होता. एकट्या जिवाला ती उणीव जाणवली नव्हती. तीन जीव पोसणाऱ्या आईला ती जाणवली. राजाने भांडी जमिनीत पुरली, तरी शाप चुलीतून हटेना.

तेव्हा राजा रानात गेला. तिथे उंबराच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी अंडी उबवायला स्वतःला कोंडून घेऊन बसली होती आणि धनेश तिला फटीतून फळे भरवत होता. राजाने त्याला उपाय विचारला.

"तीन कामे कर," धनेश म्हणाला. "झऱ्याकाठच्या कपिला गाईचे दूध आण. जळत्या डोंगरावरची नाचणी आण. धूम्रकेशाच्या तळ्याकाठचे हळीव आण. तिन्ही हाती येईपर्यंत अन्नाला शिवू नकोस."

कपिला म्हणाली, "ज्याने चारा कापला, त्यालाच मी दूध देते." राजाने दिवसभर विळा चालवला. तळहाताला फोड आले, पण चरवी भरली.

डोंगराच्या ज्वाळा म्हणाल्या, "अनवाणी ये." राजाने जोडे काढले. पाय भाजले, पण कणसे मिळाली.

तिसऱ्या दिवशी तो काठी टेकत तळ्यावर पोहोचला. धूम्रकेशाने विचारले, "राजा, भूक कशी असते?"

"पहिल्या दिवशी राग आला. दुसऱ्या दिवशी बळ गेले. आज मला फक्त राणीची मनगटे दिसतात."

मांत्रिकाने राजाच्या भाजलेल्या पायांकडे पाहिले. मग म्हणाला, "त्या भांड्यांत मी रानातल्या गरोदर बायांसाठी रांधत असे. शाप तुला दिला होता. तो बाळांवर पडेल, हे माझ्या ध्यानी आले नाही."

"चुकलो. भांडी मी स्वतः आणून देईन."

"दे. शाप उतरला." त्याने हळिवाची मूठ राजाच्या ओंजळीत घातली.

राजाने घरी येऊन जात्यावर नाचणी दळली आणि भाकरी, वरण, तूप, उकडलेली अंडी, हळिवाची खीर असे भले मोठे ताट राणीपुढे ठेवले. राणीने चार घास खाल्ले आणि ताट सारले.

"महाराज, तिघांनी आतली जागा व्यापली आहे. आता मावत नाही."

राजा घाबरा झाला. गिरजाईने त्याच्या हातातला डाव काढून घेतला. "तिघे आहेत म्हणून तिप्पट वाढायचे नसते, महाराज. थोडे द्या, कसदार द्या आणि पुन्हापुन्हा द्या. धनेश काय एकाच फेरीत सारे रान आणतो?"

मग दर दोन घटकांनी राजा वाटी घेऊन येई. कधी पेलाभर दूध, कधी अर्धी भाकरी. दरबार थांबे, वाटी थांबत नसे. राणीच्या गालांवर रंग आला, बांगड्या पुन्हा मनगटावर बसल्या.

तिळी बाळे नववा महिना लागण्याआधीच आली, दोन मुली आणि एक मुलगा. अंगाने लहान, पण रडणे असे खणखणीत की वाड्यावरची कबुतरे उडाली.

राजाने भांडी परत नेऊन दिली आणि धूम्रकेशाची चूल रानात पुन्हा पेटली. तिथे लाकडे राजाच्या घरची जळत, आणि गरोदर बाई आली की आधी तिचे पान मांडले जाई.

तिघांना कुशीत घेऊन राणी राजाला म्हणाली, "असे पाहत काय बसलात? मला भूक लागली आहे."

राजा उठला आणि हसत चुलीकडे गेला.