टिटवी आणि लाल डोक्याची खुंटी

शहर दरवर्षी एकेक शेत गिळत होतं, त्या काळातली ही गोष्ट.

ज्वारीच्या शेतात टिटवीने ढेकळांच्या आडोशाला अंडी घातली होती. मोजणीदार यमाजी नव्या वसाहतीसाठी तिथे लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत होता. प्रत्येक खुंटी अंड्यांच्या आणखी जवळ येत होती.

"दुसरीकडे जा की!" टिटवी किंचाळली. "ती बांधापलीकडची सूतगिरणी बंद पडलीय, ओसाड आहे."

"तिथली जमीन दगडासारखी," यमाजीच्या हातातली खुंटी म्हणाली. "इथे कशी एका घावात आत जाते बघ!"

"मऊ लागलं म्हणून कोपराने खणता होय गं?"

यमाजीचा बूट अंड्यांपासून वीतभर अंतरावर पडला. टिटवीने एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडला आणि ती फरफटत निघाली. "अरेरे, जखमी दिसते," म्हणत यमाजी मागे धावला. त्याने हात पुढे केला की ती थोडी पुढे सरके. असं करत तिने त्याला गिरणीच्या पडक्या भिंतीपलीकडे नेलं आणि ती भुर्रकन उडाली.

यमाजी धापा टाकत उभा राहिला. समोर डांबरी रस्ता होता, गटार होतं, विजेचे खांब होते.

"सगळं इथे असताना मी ज्वारीत काय करतोय?" तो पुटपुटला आणि हातातली खुंटी तिथेच ठोकू लागला.

"मेले! डोकं ठेचलं माझं!" खुंटी ओरडली.

गिरणीचं जुनं धुराडं कित्येक वर्षांनी बोललं, "सोस थोडं. तिकडे शेतातली अंडी आता फुटतील, ती आतून."