काळी पडलेली वाटी

“आणि दुधात?” प्रणितानं विचारलं.

शिकाऊ भिक्खू असलेल्या श्रामणेर रत्नबोधींनी समोरच्या वाट्यांकडं पाहिलं. विहाराच्या ओट्यावर त्यांनी पांढऱ्या वाट्या मांडल्या होत्या. एकीत अंगणातल्या नव्या हातपंपाचं पाणी, एकीत टँकरचं, एकीत शाळेमागच्या विहिरीचं.

सगळ्या वाट्या काळ्या पडलेल्या.

प्रणिताच्या मांडीवर तिचं बाळ रडत होतं. नुकतं कुठं बसायला लागलेलं लेकरू. पहाटेपासून तिनं त्याला पाजलं नव्हतं.

तिची भीती अशी होती. हातपंप बसल्यापासून सगळी वस्ती तेच पाणी नेत होती. पाण्याला कसलासा वास होता, बादलीला आतून तांबूस कड धरायची. त्यातच बाळाला हिरवट शी झाली. शेजारणीनं सांगितलं, असल्याच पाण्यानं तिच्या भाचीचं लेकरू वाळून काडी झालं. तेव्हापासून प्रणिताला घास गोड लागेना. बाळ पाणी पीत नव्हतं, पण ती तर पीत होती. आईच्या अंगातलं दुधात उतरणारच की.

रत्नबोधी बी.एस्सी. करून भिक्खूंचं चीवर घेतलेले. वस्ती त्यांना छोटे भन्ते म्हणायची. ते म्हणाले होते, घाबरायचं काही नाही, पाण्यात लोह असेल तर हिरड्यानं लगेच कळतं, शाळेतल्या पोरांचा प्रयोग आहे. हिरड्याची पूड टाकायची. लोह असेल तर पाणी शाईसारखं काळं, नसेल तर नुसतं पिवळसर.

हिरडे आणले, कुटले, वाट्या मांडल्या.

हातपंपाचं पाणी काळं पडलं तसे ते ताठ बसले. टँकरचंही पडलं तेव्हा तर उभेच राहिले. म्हणाले, हे एका बोअरचं काम नाही, सगळा पट्टाच असा आहे, बाटल्या भरून तहसीलला नेतो, पेपरला देतो. पंपाच्या दांड्याला त्यांनी लाल फडकं बांधलं.

घागर घेऊन आलेल्या पंचफुलाबाई म्हणाल्या, आमची पोरं नापास होतात हे ठाऊक होतं बाई, आता पाणीसुद्धा नापास व्हायला लागलं. बायका हसल्या.

प्रणिता हसली नाही. बाळाला पंचफुलाबाईंकडे देऊन ती आडोशाला गेली आणि वाटीच्या तळाशी जरासं दूध काढून घेऊन आली.

रत्नबोधी संकोचले. पण चिमूटभर पूड टाकली.

दूध फाटलं. मग हळूहळू काळपट होत गेलं…

“दुधातही आहे,” ते म्हणाले.

प्रणितानं बाळाला परत घेतलं. तिचा पदर भिजला होता. बाळ त्या ओल्या जागेवर तोंड घासत होतं आणि ती त्याचं तोंड बाजूला सारत होती. पंचफुलाबाईंनी गाईचं दूध पाजायचं सुचवलं. प्रणिता म्हणाली, त्यात पाणी घालावं लागेल ना मावशी, ते कुठलं घालू?

“म्हणजे इतके दिवस मीच त्याला…”



इतक्यात थोरले भन्तेजी बाहेर आले. भन्ते शीलकीर्ती. चीवर घेण्याआधी ते जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वस्तीतल्या अर्ध्या माणसांनी त्यांच्या छड्या खाल्लेल्या.

त्यांनी एकेक वाटी पाहिली. दुधाच्या वाटीपाशी जास्त वेळ थांबले.

“कशाची परीक्षा केलीस?”

“लोहाची, भन्तेजी. सगळीकडे आहे.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे. परीक्षा खोटं बोलत नाही.”

“नाहीच बोलत…”

भन्तेजी आत गेले आणि एक प्लास्टिकची बाटली घेऊन आले. विहारातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी. दुकानातलं, सीलबंद. त्यांनी झाकण फोडलं, त्याच पाण्यानं एक कोरी वाटी विसळली आणि भरून पुढं सरकवली.

“यात काय आहे?”

“काहीच नाही, भन्तेजी. क्षार नाही, लोह नाही. म्हणूनच तर ते बॅटरीत घालतात.”

“कर परीक्षा.”

रत्नबोधी हसले. “ज्यात काहीच नाही, त्याची कसली परीक्षा?”

भन्तेजी वाटीकडं बघत राहिले.

रत्नबोधींनी पूड टाकली. डॉक्टर रिपोर्ट वाचतो तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघतात, तशी प्रणिता वाटीकडं बघत होती.

पाणी पिवळसर झालं. तिचा श्वास सुटला.

मग कडेनं एक काळी रेघ उठली. ती पसरत गेली…

वाटी काळी.

बाळाचं रडणं तेवढं चालू होतं.

“हे कुठून आलं?” भन्तेजींनी विचारलं.

रत्नबोधींनी बाटली उलटसुलट करून पाहिली. वाटी पाहिली. मग स्वतःच्या बोटांना लागलेली पूड पाहिली. खलबत्ता कोणाचा होता, असं त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

खलबत्ता पंचफुलाबाईंचा होता. लोखंडी. सुनेच्या बाळंतपणात सुंठ कुटली, त्यानंतर कोपऱ्यात पडलेला, आतून गंजलेला. पंचफुलाबाई म्हणाल्या, मी सांगितलं होतं छोट्या भन्तेंना, आधी राखेनं घासून घ्या म्हणून. पण त्यांना घाई.

रत्नबोधींची मान खाली गेली. लोह पुडीतच होतं. जिथं जिथं त्यांचा हात गेला, तिथं तिथं ते काळं घेऊन गेले होते.

प्रणिताला हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती गुडघ्यावर पुढं सरकली.

“म्हणजे दूध चांगलं आहे?”

“चांगलं आहे, ताई.” रत्नबोधी उठलेच. हातपंपाशी जाऊन लाल फडक्याची गाठ सोडू लागले. “पाणीपण चांगलं आहे. कशातच काही नाही.”

“असं कोण म्हणालं?” भन्तेजींनी विचारलं.

रत्नबोधींचा हात गाठीवरच राहिला.

“आत्ताच तर पाहिलं आपण. पूड खराब होती.”

“पूड खराब होती.”

“म्हणजे पाण्यात लोह नाही.”

“हे पुडीनं सांगितलं?”

रत्नबोधींनी पुन्हा बोटांवरच्या पुडीकडं पाहिलं.

“फडकं राहू दे,” भन्तेजी म्हणाले.

प्रणिताचा चेहरा पुन्हा उतरला. आधी निदान काळी वाटी तरी होती, भ्यायला काहीतरी समोर होतं. आता ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. त्याचा आवाज बसत चालला होता. रडता रडता मधेच तो आपली मूठ चोखायचा आणि मुठीत काही नाही म्हणून पुन्हा रडायचा.

“मग मी काय करू, भन्तेजी?”

उत्तर रत्नबोधींनीच दिलं. चूक आपली झाली, आता नीट करायची, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते म्हणाले, नवे हिरडे आणतो, दगडी पाट्यावर वाटतो, आधी बॅटरीच्या पाण्यावर करून बघतो. त्यानं नाही भागलं तर बाटल्या घेऊन तालुक्याच्या प्रयोगशाळेत जातो. उद्या नाही तर परवा पक्कं कळेलच.

“तोवर पाजू नका, ताई. कळेपर्यंत थांबू.”

प्रणितानं मान डोलावली. छोट्या भन्तेंनी सांगितलं म्हणजे थांबायचं. पण तिचा हात बाळाच्या पाठीवर नुसताच फिरत राहिला, थोपटायचं विसरल्यासारखा.

भन्तेजींनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी आपली चटई उचलली, भिंतीशी नेऊन टाकली आणि सगळ्यांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसले.

रत्नबोधींना काही कळेना. भन्तेजी रागावले असं त्यांना वाटलं.

पंचफुलाबाईंना मात्र कळलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि छोट्या भन्तेंना हातानंच खूण केली… तुम्हीपण वळा तिकडं.

रत्नबोधी वळले. भन्तेजींच्या शेजारी, भिंतीकडं तोंड करून बसले.

मागं प्रणिता काळ्या वाट्यांकडं बघत होती. मग बाळाकडं. मग दोघांच्या पाठींकडं.

पदर सरकल्याचा आवाज आला. रडणं एकदम तुटलं. एक हुंदका, आणि नुसते घोट… घोट…

प्रणिता पाजत होती.

रत्नबोधी भिंतीकडं बघतच कुजबुजले. “भन्तेजी, पण दुधात काय आहे ते अजून कुठं कळलंय?”

भन्तेजींनी डोळे मिटले होते.

“पहाटेपासून त्याच्या पोटात काय होतं,” ते म्हणाले, “ते कळलं होतं ना?”