सोमीचं हूं

बसा. आन् मधी मधी हूं म्हणा. आमच्या कातकरवाडीत हूं नाय तर गोष्ट नाय. ऐकणारा गप झाला की सांगणारा तिथंच तोंड मिटतो. तुम्ही गप बसलात तर मी विडी वढत बसंन, मला काय!

तर एक व्हती सोमी. चिमणीएवढी, मायबाप नसलेली. तिला बोलता येत नव्हतं. यायचं फक्त हूं. पोरं चिडवायची, "ए हूंबाय!" पण गोष्टी सांगणाऱ्या गोमाआजाची ती लाडकी. बाकीच्यांची तोंडं मोबाईलात, हूं म्हणणार कोण?

त्या साली आजा खाटेला खिळला. पाड्याची पहिली माय इथं कशी आली ती गोष्ट एकट्या त्यालाच ठावी. ती अर्धी सांगून झाली आन् समद्यांना मजुरीला न्यायला दारात वीटभट्टीचा ट्रक उभा राहिला.

"चला, चढा पटापट!" मुकादम वरडला. "म्हातारा नको. भट्टीवर मेला तर निस्तरायचं कुणी?"

आजा म्हणाला, "रघ्या, तुझी नाळ हितंच पुरलीय रं."

"राघवशेठ म्हणा! मी नाय तुमच्यातला."

आजाच्या उशाला भाकर ठिवून समदी ट्रककडं निघाली. त्याचं गाडगं रिकामं बघून सोमी झऱ्यावर पळाली.

तिथं सोनकीच्या पिवळ्याधमक फुलात बसलेली परी! एवढीशी, माझ्या अंगठ्याएवढी. पंख निळेजांभळे, हसली की चांदण्यांचा भुगा सांडायचा. खोटं वाटतंय? मग माझा दात मोजा, एकच हाय, पण खरा हाय.

"सोमीबाळा, एक इच्छा माग. पण नियम हाय, तोंडानंच मागायची."

सोमीचे डोळे डबडबले. परीच्या ध्यानात आलं. "बरं गं, मी इचारते, तू हूं म्हण. सोन्याची साखळी देऊ?"

सोमी गप.

"मैनेसारखं बोलणं देऊ?"

सोमीचे ओठ थरथरले. लई थरथरले. पण गप.

"आजाला बरं करू?"

"हूं!"

परीचं तोंड उतरलं. "मरण माझ्या हातात नाय, बाळा. गोष्ट सरेस्तोवर त्याचा श्वास धरून ठिवते. पण तुझं हूं चुकलं, की श्वास सुटला."

"हूं."

सोमी धावत आली, आजाच्या तोंडात पाणी घातलं, आन् बसली. आजानं डोळे उघडले.

"मायनं सुक्या भोपळ्यात निखारा घेतला..."

"हूं."

"रान जळालं व्हतं, मागं राख, पुढं अंधार..."

"हूं."

मुकादम आत घुसला. "चल गं, ट्रक खोळंबलाय!" तिचा दंड धरून वढली. हात उखडायची पाळी आली, डोळ्यांतनं पाणी आलं, तरी हूं चुकलं नाय. मग मुकादमाचाच हात ढिला पडला. उभा राहून त्यानं शेवट ऐकला.

शेवटचा शबूद झाला, आन् आजा गेला.

मातीत ठिवला त्याला. मग ट्रक निघाला. सोमी पण त्यातच.

भट्टीवर तिन्हीसांजेला समदी धुरात बसलेली. एक बाय म्हणाली, "मायचं पुढं काय झालं गं?" सोमी काय सांगणार? ऐकणारे दोघंच, एक मुकी आन् एक मुकादम.

सोमी उठली. त्याच्यापुढं बसली. "हूं?"

"ए, मला नाय ठावं. मी नाय तुमच्यातला."

तेवढ्यात झऱ्यापास्नं तिच्या केसात दडून आलेली परी निघाली आन् सोमीच्या इवल्या ओठांवर टेकली. ओठ सोन्यासारखे झळकले.

"हूं."

मुकादमाच्या नरड्यातनं पाड्याची बोली बाहेर पडली, आपोआप. "मग... मग मायनं तीन धोंडं मांडलं, त्यात निखारा ठिवला. म्हणाली, ह्यो जिथं फुलंल तिथं आपलं घर. फुंकर मारायला कुणी ना कुणी ऱ्हावा."

आन् ढसाढसा रडला. म्हातारी बाय म्हणाली, "ये रघ्या, जवळ बस."

समदा धूर सोनेरी झाला, त्यात परी विरली. पण तिचं तेज सोमीच्या हूंमधी राहिलं. तवापास्नं तिनं हूं म्हटलं की पोटातली गोष्ट कुणाला दाबताच येत नाय.

मी एवढा का बडबडतोय? मागं बघा, ती बसलीय ना!