बर्फाचा नमुना

तासगावच्या अंगाला एका गावात हणमंता नावाचा एक भोळा बेदाणेवाला राहायचा. शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. हणमंता शब्द जसाच्या तसा उचलायचा आणि मार दुसऱ्यांना बसायचा. त्याची बेदाण्याची शेड होती. ती त्याची बायको सुभद्रा चालवायची, म्हणून ती चालत होती.

सुभद्राचा धाकटा भाऊ अंकुश आल्प्सच्या डोंगरात, पार उंचावरच्या एका छोट्या गावात हॉटेलात स्वयंपाकी होता. आई गेल्यावर सुभद्रानंच त्याला लहानाचा मोठा केला होता. गेल्या सहा वर्षांत तिनं त्याला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एक दिवस त्याचा फोन आला. औंदा सुट्टीला आक्का आणि दाजी दोघांनी इकडंच यायचं, तिकिटं मी पाठवतो, आठ दिवस राहायचं, बर्फ बघायचा, पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरायचं, असं तो म्हणाला. घसरण्याचं सुभद्राला काही पडलं नव्हतं. तिला भाऊ बघायचा होता. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ डोळे पुसत बसली आणि मग उठून त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला लागली.

तयारी सुरू झाली. अंकुशनं दाजींना बजावलं, की सामान कमी आणा, जे इथं मिळतं ते आणू नका. हणमंतानं विचारलं, तिथं कपडे मिळतात का? मिळतात. चपला? मिळतात. जेवण? अंकुश हसला, म्हणाला की तेच तर मी करतो. दुसऱ्या दिवशी हणमंतानं दोन मोठ्या बॅगा भरून दाराशी आणून ठेवल्या. सुभद्रानं एक उचलली तर ती कापसासारखी वर आली. आत काही नव्हतं. दुसरीतही नव्हतं.

सुभद्रानं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अवं, घराबाहेर पडताना लागंल ते समदं संगं घ्यायचं."

"असं व्हय," हणमंता म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात व्हिसासाठी पुण्याला जायचं होतं. सुभद्रा आधी बहिणीकडं उतरली होती, ती परस्पर येणार होती. हणमंता घराबाहेर पडला तो लागेल ते सगळं घेऊन. गादी घेतली, स्टोव्ह घेतला, पाटा-वरवंटा घेतला, बेदाण्याच्या दोन जाळ्या घेतल्या. व्हिसा कचेरीच्या दारावरच्या रखवालदारानं विचारलं, काका, इथं राहायला आलात का? हणमंता म्हणाला, राहायला नाही, पण वेळ सांगून येते का. मग त्यानं आपल्या शेडची, मेव्हण्याची, सासूच्या शेवटच्या आजारपणाची सगळी हकीकत सांगितली. ती संपेस्तोवर त्यांचा नंबर निघून गेला. सुभद्रानं हातापाया पडून दुसऱ्या दिवशीचा नंबर मिळवला.

ती म्हणाली, "आपल्याला कागदाशी काम हाय. आनि कुनी इचारलं तर इचारलं तेवढंच सांगायचं. जास्तीचा एक शब्द न्हाई."

"असं व्हय," हणमंता म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन गेला आणि विचारलं तेवढंच बोलला. काम फत्ते झालं. आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट जागच्या जागी लागू पडली होती. सुभद्रानं त्याला परतीच्या वाटेवर भजी खाऊ घातली. आता पासपोर्ट टपालानं यायचे तेवढे राहिले होते.

मध्यंतरी अंकुशचा पुन्हा फोन आला. दाजी, आमचं गाव लई उंचावर आहे, हवा विरळ आहे, उंचावर आल्यावर पहिले दोन दिवस अजिबात हलायचं नाही, नुसतं पडून राहायचं. हणमंता हो म्हणाला. त्याच दुपारी सुभद्रा त्याला म्हणाली की मी मळ्यात जाते, तुम्ही गच्चीवरच्या शेंगा तेवढ्या खाली आणा. हणमंता पंधरा पायऱ्या चढून गच्चीवर गेला. खाली बघितलं. उंच तर होतंच. तो शेंगांच्या शेजारी आडवा झाला.

तेवढ्यात पोस्टमन आला. त्याच्या हातात पाकीट होतं, दोन्ही पासपोर्ट त्यातच होते. त्यानं खालून हाक मारली, "सुभद्राबाई हायत का?"

"न्हाईत," हणमंता वरून म्हणाला.

"तुमी येता का खाली?"

"न्हाई."

"मग कवा येनार?"

"परवा."

पोस्टमननं पाकीट पिशवीत टाकलं आणि सायकल वळवली. पाकिटात काय आहे ते हणमंताला ठाऊक होतं. पण ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

सुभद्रा मळ्यातून आली, पोस्टमन आला होता का असं तिनं विचारलं, आणि ती तशीच तालुक्याला पळाली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत पाकीट सोडवून आणलं. यावेळी ती खरंच रागावली होती. दारात आलेलं माघारी लावायचं नाही, येईल ते हात पुढं करून घ्यायचं, असं तिनं त्याला तीनदा म्हणायला लावलं. हणमंतानं तीनदा म्हटलं.

दोन दिवसांनी दारावर स्वेटरवाला आला. हणमंतानं हात पुढं केले. स्वेटरवाल्यानं एक गाठोडं दिलं, त्यानं घेतलं. दुसरं दिलं, तेही घेतलं. असली गिऱ्हाइकं रोज भेटत नाहीत, तेव्हा स्वेटरवाल्यानं आपलं सगळं दुकान तिथंच रिकामं केलं. सुभद्रानं गाठोडी सोडली. वरचे दोन-दोन स्वेटर नवेकोरे होते. खालच्यांत हात घालावा तर बोटं पलीकडून बाहेर यायची. तिनं प्रवासासाठी राखलेले सगळे पैसे स्वेटरवाला घेऊन गेला होता.

सुभद्रा ओरडली नाही. ती थकली होती. तिनं समजावून सांगितलं, "बेदान्याच्या बाजारात आपन काय करतो? पेटी वरनं कितीबी चांगली दिसली तरी आत मूठ घालून नमुना काढतो. दिसन्यावर जायाचं न्हाई. नमुना आनायचा, मला दावायचा, नमुना बोलंल ते खरं."

"असं व्हय," हणमंता म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

जायचा दिवस उजाडला. दोघं दुपारी मुंबईच्या विमानतळावर पोचली. चार बॅगा, चटणीचा डबा, केवढी ती गर्दी. पासपोर्ट आणि तिकिटं हणमंताच्या कमरेच्या पिशवीत होती. सुभद्रा बॅगांपाशी बसली आणि म्हणाली, "आपल्याला कुठं जायचंय ते जरा बघून या."

हणमंता बघून यायला गेला.

एक तास झाला. दोन झाले. सुभद्रानं पोलीसबाईंना विचारलं. त्यांनी आत चौकशी केली, आणि विमान वेळेवर सुटलं, तुमचे मालक त्यात आहेत, असं हळूच सांगितलं. सुभद्रा चटणीचा डबा मांडीवर घेऊन रडली. परदेशी जायचे कागद नवऱ्याच्या कमरेला होते, जाणार कुठं? ती तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी हणमंता तारेवरच्या पाळण्यात बसून त्या डोंगरावरच्या गावात उतरला. अंकुश धावत आला. दाजींना मिठी मारली आणि त्यांच्या मागं बघायला लागला. आक्का कुठाय?

"हाय की विमानतळावर," हणमंता म्हणाला. "बघून या म्हनाली."

अंकुशनं लगेच आक्काला फोन लावला, आणि दोघं बहीणभाऊ हजारो कोसांवरून एकमेकांची समजूत घालत राहिले. शेवटी त्यानं हॉटेलच्या मालकाकडून उचल घेतली आणि दाजींचं परत जायचं आणि मग दोघांचं यायचं नवं तिकीट काढून दाजींच्या हातात दिलं. परत जायचं, आक्काला घ्यायचं, उतरल्या दिवशीच संध्याकाळच्या विमानानं इकडं यायचं. हणमंतानं मान डोलावली. भोवती डोंगर पांढरेशुभ्र होते. माणसं त्यांच्यावरून घसरत होती. हणमंतानं तिकडं बघितलं, पण दिसण्यावर गेला नाही. हॉटेलातून एक स्टीलचा डबा मागून घेतला, बर्फात मूठ घातली, डबा दाबून भरला आणि झाकण लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मुंबईला उतरला. सुभद्रा उठून उभी राहिली. तीन दिवसांत तिनं चटणीचा डबा सोडला नव्हता. विमानाला अजून चार तास होते, आणि तेवढ्यात सगळं निभावलं असतं. तिनं तिकिटासाठी हात पुढं केला. हणमंतानं त्या हातावर स्टीलचा डबा ठेवला.

"नमुना आनलाय," तो म्हणाला. "उघड."

सुभद्रानं झाकण काढलं. दोघांनी वाकून आत बघितलं.

"अवं, हे पानी हाय," सुभद्रा म्हणाली.

"तेच म्हंतो मी. वरनं कसं पांढरं दिसत हुतं." हणमंतानं तिकिटांचे चार तुकडे केले आणि दोन्ही हातांत बॅगा उचलल्या. "बरं झालं तुझं ऐकलं. चल घरला. पान्यासाठी एवढ्या लांब कशाला जायाचं? आपल्याकडं टँकर येतो की."