अपॉइंटमेंटखालची सही

"...पण भन्ते, ईमेलखाली माझी सही आपोआप येते. मग कॅलेंडरमधून कुणाला अपॉइंटमेंट पाठवली, तर तिच्याखाली का येत नाही?"

वैनगंगेच्या काठच्या त्या छोट्या विहारात असला प्रश्न घेऊन कुणी येत नसे. डॉ. प्रशीक मेश्राम आले. ते एका मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख. चीवर घेण्याआधी भन्ते उपसेन वीस वर्षं एका कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळत होते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

"तिथं ती दर वेळी स्वतः घालावी लागते," भन्ते म्हणाले. "इन्सर्टमध्ये जायचं, सिग्नेचर निवडायची."

"ते शिकलो. तिथंच तर घोळ झाला."

"काय झालं?"

डॉक्टरांनी सांगितलं. भर वॉर्डात, पेशंटांसमोर, ते डॉ. नलिनी उईके यांच्यावर ओरडले होते. चूक उईके मॅडमची नव्हतीच. दुसऱ्याच दिवशी त्यांचा राजीनामा टेबलावर आला. माफी मागावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना अपॉइंटमेंट पाठवली. मंगळवार, अकरा ते सव्वाअकरा.

"खाली सही नव्हती. त्या आल्याच नाहीत. म्हणाल्या, मला वाटलं ऑफिसनं परस्पर पाठवलं असेल. मग मी दुसरी पाठवली, सहीसकट. नाव, पदव्या, हुद्दा, सगळं."

"आल्या?"

"आल्या. वकील घेऊन."

भन्तेंनी वर पाहिलं.

"मला काही कळेनासं झालंय, भन्ते. सही नसली तर येत नाहीत, असली तर वकील आणतात. घालू की नको?"

"त्या बसतात कुठं?"

"माझ्या केबिनपासून चौथ्या दारात."

भन्ते उठले. पायऱ्या उतरून खाली गेले, डॉक्टरांचे बूट उचलले आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवले.

"अहो भन्ते, हे काय करताय!"

भन्ते आत निघून गेले होते.

पंधरा दिवसांनी डॉक्टर पुन्हा आले. चेहरा आणखीच गोंधळलेला.

"गेलो होतो. तसाच, काही न कळवता. सगळं बोलणं पाठ करून गेलो होतो. दारात उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं... त्या दिवशी चूक माझी होती, मी दुसऱ्याच खाटेचा तक्ता वाचला होता."

"मग?"

"त्या लिहीत राहिल्या. कितीतरी वेळ. मग समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. तेवढ्यात वॉर्डातून बोलावणं आलं आणि त्या गेल्या."

"हं."

"हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. राजीनामा तसाच पडलाय. मंजूर करायला माझा हात उठत नाही, परत द्यायला तोंड नाही. त्यांनी माफ केलं की नाही, तेच कळत नाही, भन्ते. आठ दिवस उत्तराची वाट बघतोय."

"खुर्ची कुणी सरकवली म्हणालात?"

"त्यांनी."

"तुम्ही बसलात?"

"नाही... मी उभाच..."

भन्तेंनी डोळे मिटले.

"मग वाट त्या बघताहेत, डॉक्टर."