नागूचे घरगुती उपाय

एका गावात एक भोळा पायाळू होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसराच शब्द वापरायचं, पण इथं पोरंबाळं बसली आहेत. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आलेला. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं लोक मानतात. आमच्या नागूचे पाय आधी आले, डोकं मागनं यायचं होतं. ते अजून वाटेतच आहे, असं गाव म्हणायचं.

कुणाच्या पाठीत उसण भरली की तो नागूच्या दारात यायचा. मग नागूची आई, सारजा, त्याला पालथं निजवायची आणि नागूचा पाय दोन्ही हातांनी उचलून त्याच्या पाठीला लावायची. नागू तेवढ्यात एखादी डुलकी काढायचा. एवढंच त्याचं कर्तृत्व.

सारजाची स्वतःची कंबर मात्र पार गेली होती. ती उसण नव्हती, कामानं झिजलेली कंबर होती. तिला पायाळूचा काय उपयोग? पाणी तिनं आणायचं, दळण तिनं दळायचं, आणि हा घोडा ओट्यावर बसून बघायचा. तिला सून हवी होती. पण ह्या गुणाच्या पुतळ्याला पोरगी देणार कोण? शेवटी लांबच्या गावचं एक स्थळ आलं. लांबचं होतं म्हणून तर आलं. मुलीचे वडील भानुदासअण्णा म्हणाले, "मुलगा कमी बोलतो, हे बरंय." लग्न ठरलं. तोवर नागूनं शहाण्यासारखं राहावं, एवढंच सारजा देवाजवळ मागत होती. फारच मागत होती.

एके सकाळी घागर उचलताना तिच्या कंबरेत कळ आली. ती आडवी झाली. नागू बघत राहिला.

"अरे ठोंब्या, बघतोस काय? दुखतंय तिथं शेकायचं असतं. वीट तापव, फडक्यात गुंडाळ, आण."

नागूनं आणली. सारजाला जरा बरं वाटलं. "अस्संच करायचं. लक्षात राहील का?"

"गाठ मारतो ना," नागू म्हणाला, आणि उपरण्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या जनाकाकूचा हात तव्याला लागून भाजला. नागू तापलेली वीट घेऊन हजर. "दुखतंय ना काकू? धरा." काकूनं जी बोंब ठोकली ती नदीपलीकडं ऐकू गेली.

सारजानं कपाळावर हात मारला. "भाजल्यावर शेकतात होय रे? गार पाणी ओतायचं, चांगलं घागरभर."

"गाठ मारतो ना," नागू म्हणाला.

पुढं रामा गुरवाला ताप भरला. देवळाच्या पडवीत कुडकुडत पडला होता. नागूला म्हणाला, "अंगाचा नुसता जाळ झालाय रे." नागू धावत गेला, आडावरून घागर भरून आणली आणि गुरवाच्या डोक्यावर उपडी केली. गुरव ताडकन उठून बसला. नागूला वाटलं, गुण आला.

"अरे, थंडी वाजून ताप आलेल्याला अंघोळ घालतोस?" सारजा म्हणाली. "गोधड्या घालायच्या त्याच्या अंगावर. घाम फुटला की मोकळा होतो. उठायला लागला तरी उठू द्यायचं नाही."

"गाठ मारतो ना."

मग एका बाजारच्या दिवशी सावळा न्हावी कंबर धरून, वाकडा होत दारात आला. "नागू, आई कुठंय? उसण भरलीय रे." आई बाजाराला गेली होती. नागूनं उपरणं चाचपलं. न्हाव्याला निजवलं, घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्यावर रचल्या आणि वर स्वतः बसला. आतून न्हावी बरंच काही बोलत होता, पण नागूला घाम फुटायची वाट बघायची होती. आई बाजारातून येईपर्यंत तो तसाच बसून होता. न्हावी बाहेर आला तेव्हा त्याला आपलं नाव सांगता येईना.

सारजाचा तोल सुटला. "मेल्या, उसणीला गोधड्या? देवानं तुला एक गुण दिला, तोही पायात, आणि तोही तुला वापरता येईना? कंबर धरून वाकलेला माणूस दिसला की काही विचारायचं नाही. सणसणीत लाथ घालायची पाठीत, झालं!"

रागाच्या भरात माणूस बोलून जातो. पण ऐकणारा नागू आहे, हे विसरायचं नसतं. नागूनं ही गाठ सगळ्यांत मोठी मारली.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव नागूच्याच दारात होता, मुलीकडचं वऱ्हाड बैलगाड्यांतून आलं होतं. सारजानं त्याला बजावलं, "तोंड उघडू नकोस. पाटावर बस, बाकी सगळं भटजी बघतील." नागू बसला. मुंडावळ्या बांधल्यावर तर तो चक्क शहाणा दिसत होता. बायका सारजाला म्हणाल्या, "जिंकलंस गं." तिचे डोळे भरून आले. उद्यापासून घागरीला दुसरे हात लागणार होते.

मग नवऱ्या मुलाचे पाय धुवायची वेळ आली. हा मान मुलीच्या वडिलांचा. भानुदासअण्णा गाडीच्या लांबच्या प्रवासानं दमले होते. नागूच्या पुढं ताम्हण ठेवलं, एका हातात तांब्या घेतला, दुसरा हात कंबरेवर ठेवला, आणि "आई गं" म्हणत ते वाकले.

नागूनं उपरणं चाचपलं. मोठी गाठ हाताला लागली. तो पाटावरून उठला आणि अण्णांच्या मागं गेला.

अण्णा ताम्हणावरून थेट भटजींच्या मांडीत गेले. तांब्या वऱ्हाडात गेला. सनई मधेच थांबली. त्या शांततेत नागू पहिल्यांदाच बोलला. "मोकळं वाटतंय का, मामा?"

अण्णा उठले. ताठ उठले. पाठ खरोखर मोकळी झाली होती, हे वऱ्हाडातल्या प्रत्येकानं पाहिलं. त्या ताठ पाठीनं त्यांनी मुलीचा हात धरला, तिला गाडीत बसवलं आणि मागं वळून न बघता बैल हाकले. त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड गेलं, जिलेबीची परातसुद्धा गेली.

रिकाम्या मांडवात सारजा आणि परत पाटावर जाऊन बसलेला नागू तेवढे उरले. सारजानं गाडीच्या धुरळ्याकडं पाहिलं, कंबर धरली आणि मटकन वाकली.

"हलू नकोस आई," नागू मायेनं म्हणाला, आणि पाटावरून उठला.