सांडव्याची जाळी

एका गावाच्या डोक्यावर एक तळं होतं, आणि त्या तळ्याला एक मालक होता. मालकाने स्वतःच्या शिवारात, स्वतःच्या बैलजोड्यांनी माती ओढून ओढ्याला आडवा बांध घातला होता. वरच्या अंगाला त्याची केळीची बाग होती. खालच्या अंगाला परटांची आणि बुरडांची वस्ती होती. जादा पाणी निघून जावं म्हणून बांधाच्या एका टोकाला सांडवा ठेवलेला होता. सांडवा मोकळा होता तोवर कुणाची काही तक्रार नव्हती.

मग मालकाने तळ्यात मासे सोडले.

मासे वाढले तसा मालकाला घोर लागला. पावसाळ्यात हे मासे सांडव्यावाटे खालच्या ओढ्यात जाणार आणि वस्ती ते फुकट खाणार. म्हणून त्याने सांडव्याच्या तोंडाला बारीक विणीची जाळी ताणून बांधली. गावच्या पाटलांनी ती पाहिली, पंचांनी पाहिली. बोललं कुणीच नाही. दर बाजाराच्या दिवशी त्यांच्या घरी टोपलीभर मासे पोचत होते.

वस्तीत एक परटीण राहत होती. एका पावसाळ्यात झड लागली आणि काही केल्या उघडीप मिळेना. परटीण ओढ्यावर गेली, तर तिथं घोट्याएवढं पाणी. आभाळ कोसळत होतं आणि ओढा मात्र उन्हाळ्यात असावा तसा रोडावलेला. वरचं पाणी गेलं कुठं? तशीच चढ चढून ती बांधावर गेली.

पाणी कुठंच गेलं नव्हतं. पालापाचोळा, काटक्या, केळीची सोपटं जाळीवर थरावर थर बसून सांडवा पुरता बुजला होता, आणि तळं बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली तुडुंब उभं होतं. यातला धोका कळायला कसली विद्या लागत नव्हती. डोळे पुरेसे होते.

डोळे राखणदारालाही होते. तो इरलं पांघरून सांडव्यापाशीच बसला होता.

"दादा, जाळी सोड," परटीण म्हणाली.

"मालकांना विचारावं लागेल."

"मग विचार की."

"मालक लेकीच्या सासरी गेलेत."

"येणार कधी?"

"पाऊस थांबला की."

"आणि बांध तोवर थांबेल?"

"वहिनी, मला जाळी राखायला ठेवलंय. बांध राखायला नाही."

परटीण घरी जाऊन कोयता घेऊन आली. राखणदार आडवा आला नाही. आपण काही पाहिलं नाही असं पुढे सांगता यावं म्हणून पाठ फिरवून बसला. तिने कडेला ओणवं होऊन जाळीच्या दोऱ्या कापल्या. आधी कचऱ्याचा लोंढा सुटला, त्यामागे पाणी, आणि पाण्याबरोबर मासे. दिवस मावळेपर्यंत तळं चांगलं हातभर उतरलं. वस्तीत घरोघरी कालवण शिजलं.

मालक परत आला आणि थेट चावडीवर गेला.

"का गं," पाटलांनी परटिणीला विचारलं, "दुसऱ्याच्या मालाला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"पाटीलबाबा, बांध फुटला असता."

"फुटला का?"

"जाळी कापली म्हणून नाही फुटला."

"म्हणजे फुटला नाही." पाटील पंचांकडे वळले. "मासे गेले, ते दिसतंय. आणि जे घडलंच नाही त्याची ही बाई आपल्याला गोष्ट सांगतेय."

पंच हसले. परटिणीने चावडीवर जमलेल्या वस्तीकडे पाहिलं. "अरे, तुम्ही तरी तोंड उघडा. घरं तुमची होती."

त्याच माशांचं कालवण ओरपलेली माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मालकाशी वाकडं कोण घेणार? एक बुरूड तर म्हणाला, "आम्ही काही तिला धाडलं नव्हतं."

परटीण चोर ठरली. ओढ्यावरचं तिचं धुणं बंद झालं. मालकाला नवी जाळी घालायची मोकळीक मिळाली. "या खेपेला तारेची घाला," असं पाटलांनी आपणहून सुचवलं.

वर्षभर परटीण लांबच्या नदीवर गाठोडी वाहत राहिली. पण ओढा तिच्या दारावरून जात होता, आणि तो बघायला बंदी नव्हती. पुढच्या पावसाळ्यात झड लागली आणि भर पावसात ओढा पुन्हा रोडावला. ती बांधाकडे धावली. तारेवर कचऱ्याची भिंत उभी होती, पाणी माथ्यावरून पलीकडच्या उतारावर ओघळू लागलं होतं. राखणदार आता दोन होते, आणि तार कोयत्याने तुटत नाही. ती उलट पावली वस्तीत आली आणि दारं बडवत सुटली. "पोरं उचला, टेकडीवर चला. भांड्याकुंड्यांना हात लावू नका."

बरेच निघाले. तोच बुरूड ओट्यावर टोपली विणत होता. त्याची बायको आत चुलीपाशी होती.

"भावजी, उठा."

"गेल्या वर्षीही तुमचं हेच होतं, वहिनी. फुटला का?"

"पाया पडते. निदान तिला तरी पाठवा."

"भाकरी तव्यावर आहे. झाल्यावर येईल."

टेकडीवर पोचलेल्यांनी बांध जाताना पाहिला. माथ्यावर एक खाच पडली, खाचेची खिंड झाली, आणि मग बांध नव्हताच. बुरडाचं घर होतं तिथून ओढा वाहत होता.

पाणी ओसरल्यावर मालक आला, पाटील आले, पंच आले. मालकाने डोळ्यांना उपरणं लावलं. "देवाच्या मनात आलं," तो म्हणाला, "तिथं माणसाचं काय चालतं?" पंचांनी माना डोलावल्या.

परटीण गुडघाभर चिखलातून बुरडाच्या बायकोचं लुगडं ओढून काढत होती. तिने मान वर केली नाही.

"देवाने पाऊस दिला, मालक. जाळी तुम्ही बांधलीत. आणि पाटीलबाबा, तार तुम्ही सुचवलीत."

"आम्हाला काय ठाऊक," पाटील पुटपुटले, "खरंच फुटेल म्हणून."

"आता झालं ना ठाऊक?" परटीण म्हणाली. "त्यासाठी ही मढी लागली तुम्हाला. उभे राहू नका, हात लावा."

तात्पर्य: ज्या बांधाखाली दुसऱ्यांची घरं आहेत, तो बांध एकट्या मालकाचा नसतो. आणि संकट टाळणाऱ्यालाच जे पंच चोर ठरवतात, पुढच्या प्रत्येक मढ्याचे धनी तेच असतात.